बुधवारची ओळ

“नाही,” पडद्यावर पुन्हा तेच उमटलं.

“याला एवढंच बोलता येतं का हो?” मेट्रनबाईंनी खुर्चीमागून विचारलं. “नर्सेसचं ड्युटीचं वेळापत्रक संध्याकाळपर्यंत लागलं नाही, तर विकतचा प्रोग्राम आणणार म्हणतात साहेब. तुमचा कायमचा बंद.”

सुट्टीच्या दिवशी धावत आलेल्या कॉम्प्युटरकाकांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. हा प्रोग्राम त्यांनी तरुणपणी लिहिला होता आणि लेकरासारखा सांभाळला होता. त्याची भाषाही जगावेगळी. काम कसं करायचं ते तिला सांगायचं नसतं, नुसते नियम सांगायचे. त्यांत बसणारं वेळापत्रक ती आपलं आपण शोधते, आणि सापडलं नाही तर “नाही” म्हणून तोंड मिटून बसते. कारण हवं असेल तर तिच्या मागोमाग फिरायचं.

काकांनी माग काढायची सोय चालू केली. आता ती प्रत्येक नियमापाशी थांबून दाखवू लागली. काका एंटर दाबत राहिले. रात्रपाळीनंतर आराम: जमलं. आयसीयूत दोघी: जमलं.

माईची सुट्टी बुधवारी: नाही.

काकांचं बोट तिथेच थांबलं.

“माई तर परवाच रिटायर झाली,” मेट्रनबाई म्हणाल्या. “तुम्हीच काढलंत ना बायकोचं नाव?”

“नाव काढलं. नियम राहिला.”

जी यादीतच नाही, तिला सुट्टी कुठून मिळणार? बिचारी भाषा खरं तेच सांगत होती.

“पण हा नियम मी कधी सांगितला?” बाई बोलता बोलता थबकल्या. “अहो! बुधवारी तुमचीही सुट्टी! आणि माई आम्हाला सांगायची, आमचं नशीबच थोर, सुट्ट्या आपोआप जुळतात म्हणून!”

काका कानांपर्यंत लाल झाले. “तिला सांगू नका.”

“मी कशाला सांगतेय?” बाईंना हसू आवरेना. “खोडा आता ती ओळ.”

तेवढ्यात फोन वाजला. माईच होती.

“अहो, बुधवारचे कुठे उलथलात? माझा तर आता रोजच बुधवार, तुमचा एकच आहे!”

“आलोच,” काका म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं.

त्यांनी ओळीच्या आधी टक्क्याची खूण घातली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. महिन्याचं वेळापत्रक सरसर खाली उतरलं. बाईंनी हुश्श केलं, मग पडद्याकडे बोट दाखवलं.

“ओळ तर तशीच आहे की!”

“खूण घातली की मशीन ती वाचत नाही,” काका पिशवी उचलत म्हणाले. “मी वाचतो.”