गाढवाचे छप्पर आणि माझे केक

शनिवारी आमच्या घरी ओव्हन तापतो, आणि तो तापला की स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही. मैत्रिणींसाठी मी केक करते. ते मी विकत नाही आणि फुकटही देत नाही. टेबलावर पत्र्याचा डबा असतो. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे त्यात दान टाकावे आणि केक घरी न्यावा. ‘आधी दान, मग घास’ असे मी डब्यावर रंगवूनच घेतले आहे.

हे दान गावाबाहेरच्या प्राण्यांच्या आश्रमाला जाते. तिथल्या म्हाताऱ्या गाढवाच्या शेडचे छप्पर वाऱ्याने उडाले. थंडी तोंडावर आली होती, म्हणून आश्रमाच्या डॉक्टरीणबाईंना मी चारचौघांत शब्द दिला, “थंडीच्या आत छप्पर पुरे करून देईन.” अर्धे पत्रे चढले, अर्धे राहिले होते. आमच्या घराण्यात शब्द फिरवण्याची पद्धत नाही.

केकच्या पुस्तकात जी वेळ छापलेली असते, ती आळशांसाठी असते. मी कोणतेही काम कच्चे सोडत नाही. केक ठोकून पाहावा आणि खणखणीत वाजला तरच बाहेर काढावा, हे माझे शास्त्र. मला मधुमेह असल्यामुळे स्वतः चाखण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या शनिवारी हेडबाई आल्या नाहीत. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या, पण गल्लीसाठी अजून हेडबाईच आहेत. त्यांचा गुडघा धरला होता, म्हणून केक घेऊन मीच त्यांच्याकडे गेले. दार सताड उघडे होते. दाराच्या तळाशी, विणलेला लोकरी झगा घालून, माझा मागच्या शनिवारचा केक बसला होता. बदामांनी काढलेली माझी वेलबुट्टी मी ओळखणार नाही, तर कोण ओळखणार?

“हेडबाई, हे काय आहे?”

“अगंबाई, वहिनी! या ना. ते होय? ते दाराला...”

“तो माझा केक आहे.”

“होता, वहिनी. आता घरातलाच झालाय.”

“खाल्ला का नाहीत?”

“सुरी लावली, ती वाकली. मग ह्यांनी करवत आणली.”

“मग?”

“मग नवी करवत आणली.”

“आणि तरीही दर शनिवारी दान टाकून केक नेता?”

“तुम्हाला नको म्हणायची छाती आहे का कुणाची? आणि माझ्या एकटीवर कशाला डोळे वटारता? तुमच्या जाऊबाईंचं कपाट कशावर उभं आहे ते बघा जाऊन!”

मी तडक धाकट्या जावेकडे गेले. तिचे लग्नापासून डुगडुगणारे कपाट चौथ्या पायाखाली माझ्या केकचा तुकडा घेऊन शिपायासारखे ताठ उभे होते.

“रागावू नका हो, जाऊबाई,” ती म्हणाली. “तुमच्या केकनेच माझा संसार सावरला.”

घरी येऊन सुनेला विचारले, “तुला ठाऊक होतं?”

“आई, तुम्ही कधी विचारलंच नाही,” असे म्हणून तिने इस्त्रीचे टेबल हळूच भिंतीकडे सरकवले. मी खाली वाकून पाहिले नाही. माणसाने काही गोष्टी पाहू नयेत.

त्याच दुपारी घरोघरी निरोप धाडून मी सगळे केक जप्त केले आणि ओव्हनवर चादर घातली. केक पिशवीत भरून सुनेसह आश्रमाकडे निघाले. दिलेला शब्द परत घ्यायचा, तर तो समोर उभे राहूनच घ्यावा. टॅक्सीवाल्याने पिशवी उचलली आणि विचारले, “आजी, फरशा का?” मी दार आपटून आत बसले.

आश्रमातल्या कुत्र्यांनी पिशवी हुंगली आणि मान फिरवली. “डॉक्टरीणबाई, छपराबद्दल मला असं सांगायचंय...” एवढे मी म्हणते आहे तोच मागून कडाड असा आवाज आला. गाढवाने पिशवीत तोंड घातले होते. डोळे मिटून ते केक चावत होते. त्याचे दोन्ही कान आनंदाने उभे राहिले होते.

सून पदरात हसत म्हणाली, “आई, गाढवाला गुळाची चव काय म्हणतात...”

“म्हणणाऱ्यांना दात नसतील,” मी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पिशवी ओढून घेतली. “पुरे रे! बाकीचं भिजवून देईन. आजी, छपराचं काय म्हणत होतात?”

गाढव माझ्याकडे पाहत होते. इतक्या आशेने माझ्या केककडे कोणी पाहिले नव्हते. “होईल म्हणत होते,” मी म्हणाले.

बोलून तर बसले. पण केक बंद म्हणजे डबा रिकामा. तो पुढे करून दारोदार मागायला जाणे माझ्या रक्तात नाही. दोन दिवस जेवण गोड लागले नाही. तेवढ्यात वारा सुटला, आणि गल्लीतली दारे धाडधाड आपटू लागली.

लंगडत लंगडत हेडबाई आल्या. “वहिनी, एक केक द्या. दार आपटलं की हे दचकतात आणि चहा सांडतात.”

“वीट लावा.”

“लावली. फुटली.”

“खायला हवाय की दाराला?”

हेडबाईंनी जन्मभर मुलांना खरे बोलायला शिकवले होते. त्यांनी मान खाली घातली. “दाराला.”

त्यांच्या मागे माझी जाऊ उभी होती. तिच्या साडीला हळद लागली होती. कपाट कलंडून बरणी अंगावर आली असावी.

मी ओव्हनवरची चादर काढली आणि डबा पुढे केला. “दाराला दुप्पट, कपाटाला तिप्पट. घासाघीस चालणार नाही.”

“आणि खायला?” जावेने विचारले.

“खायला फुकट. पण तो गाढवाचा मान आहे.”

शेडवर शेवटचा पत्रा चढला तेव्हा थंडी पडायची होती. डब्यावरचा ‘घास’ हा शब्द मी पुसून टाकला. पुढे काय ते नेणाऱ्याने ठरवावे. परवा सुनेने भीत भीत विचारले, “आई, या वेळी जरा लवकर काढू या का केक?”

“काढ,” मी म्हणाले. “आणि हेडबाईंचं दार धरून तू उभी राहा.”