पोपटी कपाट

माईंना त्या कपाटाचा मनापासून तिटकारा आहे, हे त्यांच्या सुनेला कळलं ते रंगाच्या दुकानात. ती निघाली होती एकटीच, लिहायच्या टेबलासाठी फिकट राखाडी रंगाचा छोटा डबा आणायला. माई सहज म्हणून सोबत आल्या आणि रंगांच्या पट्टीवर बोट ठेवून हळूच म्हणाल्या, "हा पोपटी किती गोड आहे गं! आमच्या खोलीतल्या अस्वलाला कसा दिसेल?"

"अस्वल?"

"ते कपाट. लग्न झाल्यापासून अंगावर धावून आल्यासारखं उभं आहे मेलं!"

सून बघतच राहिली. त्या कपाटाला नख लावायचीही घरात कुणाची टाप नव्हती. सासरे, म्हणजे अण्णा, आल्यागेल्याला त्याच्यापुढे उभं करत, दारावर टकटक करत आणि म्हणत, "आवाज ऐका. अस्सल सागवान! मी स्वतः पारखून घेतलंय."

"पण अण्णा?"

"ते गेलेत मित्राकडे बुद्धिबळ खेळायला. संध्याकाळशिवाय हलायचे नाहीत. आणि एकदा रंग लागला की काय करतील? चाटून काढतील?"

दुकानदारानं बजावलं, "व्हार्निशवर नुसता रंग फासलात तर पापुद्रे सुटतील. आधी पॉलिश पेपरनं घासा, धूळ नीट पुसा, मग प्रायमर, मग रंग."

घरी येताच दोघींनी कपाटातले कपडे पलंगावर ओतले, खिडक्या सताड उघडल्या, नाकातोंडाला फडकी बांधली. माईंनी अण्णांचा जुना सदरा चढवला. आरशात स्वतःकडे बघून त्यांना जे हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. एरवी सुनेशी मोजून-मापून बोलणारी ही बाई आता दरोडेखोरासारखी पॉलिश पेपर परजत होती.

खरखर, खरखर. व्हार्निश निघालं. खालचा चॉकलेटी लेप निघाला. त्याच्या खालून पांढुरकं, हलकं लाकूड डोकावलं. सून डाव्या दाराशी उकिडवी बसून घासत होती, ती एकदम थांबली.

"माई, इथे काहीतरी लिहिलंय."

माईंनी चष्मा पुसला आणि मान वाकडी करून वाचलं, "नाजूक माल. ही बाजू वर." शेजारी ठसठशीत बाण होता. तो जमिनीकडे रोखलेला होता.

"माई, हे सागवान नाही."

"मग काय आहे?"

"खोकं. सामानाचं."

माई मटकन खालीच बसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सुनेला तर उचकीच लागली. जरा शांत व्हावं, तर एकीची नजर बाणाकडे जाई आणि पुन्हा दोघी लोळायच्या.

"अगं, पण त्यांना हे कळलं तर हाय खातील," माई दम घेत म्हणाल्या. "चल, आण प्रायमर!"

घाईघाईत माईंनी उजव्या दारालाच प्रायमर फासला. डावं अजून उघडंच होतं आणि तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं.

"त्याला हरायला आवडत नाही, तर खेळायचं कशाला?" अण्णांचा आवाज पॅसेजमधून आला. "पट उधळून टाकला लेकाच्यानं!"

सून उडी मारून डाव्या दाराला पाठ लावून उभी राहिली. माई उजव्या दाराला टेकल्या, ओल्या प्रायमरसकट.

अण्णा उंबऱ्यात थबकले. पलंगावरचा ढीग, बायकोच्या अंगातला आपला सदरा, दोघींच्या तोंडावरची फडकी, सगळं त्यांनी सावकाश पाहिलं. "माझ्या सागवानाला काय केलंत?"

"काही नाही हो. पुसतोय जरा."

"सूनबाई, बाजूला हो."

सून तसूभरही हलली नाही. पण उचकीनं घात केला. एक जोरदार उचकी आली, ती पुढे झुकली आणि अण्णांना दार दिसलं.

ते जवळ आले. त्यांनी वाचलं. फळीवरून बोट फिरवलं. खोलीत फक्त उचकीचा आवाज होता. सुनेच्या मनात आलं, कशाला हात लावला आपण?

अण्णांनी खाली रोखलेला बाण बघितला, मग कपाटाचा माथा बघितला.

"म्हणजे," ते गंभीरपणे म्हणाले, "इतकी वर्षं आपण हे उलटं ठेवलं होतं?"

माईंचा धीरच सुटला. त्या हसता हसता वळल्या, तर सदऱ्याच्या पाठीवर दाराची अख्खी चौकट पांढरीशुभ्र उमटलेली. ती बघून अण्णाही फुटले. खांदे गदागदा हलायला लागले, टोपी खाली पडली. "पारखून घेतलं होतं गं मी! टकटक करून!" असं म्हणत त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

मग त्यांनी बाह्या सरसावल्या. "आणा इकडे ब्रश. तुम्हाला दोघींना कडा जमायच्या नाहीत."

प्रायमर वाळल्यावर तिघांनी मिळून कपाट पोपटी केलं. कडा अण्णांच्या, दारं माईंची, आणि टाचा उंचावून रंगवायचा माथा सुनेचा. फिरतीवर गेलेल्या मुलाचा फोन आला, तेव्हा त्याला फक्त तिघांचं खिदळणं ऐकू आलं. "काय चाललंय? सगळे बरे आहात ना?" तो घाबरून विचारत राहिला.

"तुझे बाबा रंगात आलेत!" माई ओरडल्या आणि फोन सुनेकडे टाकला.

रंगाच्या वासामुळे रात्री बाहेरच्या खोलीत गाद्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला जाग आली ती भांडणाच्या आवाजानं. अण्णा आणि माई जेवणाच्या टेबलाभोवती उभे होते.

"केशरी," माई म्हणत होत्या.

"निळा," अण्णा म्हणाले. "सूनबाई, ऊठ. तू सांग."