खालच्या पट्टीतलं गाणं

नईम कागलच्या एमआयडीसीत मशीनवर काम करायचा आणि सुट्टीला गिटार वाजवायचा. कॉलेजच्या बँडमध्ये असताना त्यानं आणि वर्षाराणीनं मिळून स्पर्धेसाठी एक रॉक गाणं बांधलं होतं. संथ सुरू होणारं, शेवटी ड्रम-गिटारसकट उसळणारं. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ती न सांगता बँड सोडून गेली आणि लग्न होऊन बिद्रीला नांदायला लागली. पुढं अठरा वर्षं दोघं बोलली नाहीत.

यंदा ऋतुराज या तरुण संगीतकाराच्या कानावर त्या गाण्याचं जुनं रेकॉर्डिंग पडलं. त्याला ते सिनेमासाठी हवं होतं, आणि याच दोघांकडून.

राजारामपुरीतल्या स्टुडिओत वर्षाराणीनं पहिलं कडवं छान गायलं. शेवटच्या चढ्या ओळीला मात्र आवाज फाटला. तीनदा तसंच झालं.

"ताई, राहू दे. ती ओळ दुसऱ्या कुणाकडनं गाऊन घेतो," काचेपलीकडून ऋतुराज म्हणाला.

ती हेडफोन काढून बाहेर गेली. नईम तिच्यामागं गेला. चहाच्या गाड्यापाशी ती म्हणाली, "तवा बाबांनी घराबाहेर पडू दिलं न्हाई. वाटलं, तुमच्यातलं कोणतरी ईल. बाबांस्नी इचारंल."

"मला वाटलं, तूच सोडलंस."

"इचारायचं तरी हुतं की, नईम."

इतकी वर्षं त्यानं राग धरला होता. तिच्या घरी जायचं मात्र त्याच्या मनातही आलं नव्हतं. "चुकलंच माझं," तो म्हणाला.

आत जाऊन त्यानं ऋतुराजला सांगितलं, "पट्टी खाली घे. आख्खं गाणं हीच गाणार."

"गाण्यातला जोर जाईल."

"जोराचं माझी गिटार बघंल की."

दुपारपर्यंत गाणं झालं. खालच्या सुरात शेवटची ओळ ओरडण्याऐवजी सांगितल्यासारखी आली. ऋतुराजनं ती दोनदा ऐकली आणि तीच कायम ठेवली.

सिनेमा थिएटरात लागला, तेव्हा गिटारचा तुकडा निम्मा कापलेला निघाला. नईमला जरा लागलं. पण पुढच्या रांगेत वर्षाराणीचा नवरा बाळासो बायकोकडं वळून हळूच विचारत होता, "ही तू हायस व्हय?"

"व्हय," ती म्हणाली. "ऐका की आता."