मॅग्नेटची चावी

नागेशने स्टार्टरची दोरी खेचली. इंजिन दोनदा गुरगुरलं आणि सायलेन्सरमधून बंदुकीसारखा बार निघाला. समोरच्या वर्कशॉपमधल्या वेल्डरने तोंडावरची काच वर केली.

"आज भी दिवाली?"

नागेशने दोरी सोडली. त्याच्यापुढे बर्फावर चालायची गाडी उभी होती. पुढे दोन पट्ट्या, मागे रबराचा रुंद पट्टा. ज्या अरबाच्या नावावर या गॅरेजचं लायसन्स आणि सगळ्यांचे व्हिसा होते, ज्याला सगळे 'अरबाब' म्हणत, त्याने ती कॅनडाहून मागवली होती. उम्म अल कुवैनच्या वाळूच्या टेकड्यांवरून ती पळवायचा त्याला नाद लागला होता. आता हिवाळा, म्हणजे वाळूत फिरायचा मोसम आला, त्याचे पाहुणे यायचे होते, आणि गाडी नुसती फटाके फोडत बसली होती.

"सोडा की नाद, दाजी," मागून धनंजय म्हणाला. "सांगा, होत न्हाय म्हणून. बर्फातली गाडी, वाळूत खोकणारच."

"इंजिनाला बर्फ कळत नाही, नि वाळूही."

धनंजय हा नागेशच्या बायकोचा, छायाचा धाकटा भाऊ. इस्लामपुरात मोटारसायकली खोलत बसायचा. नागेशने गॅरेजमालक मुश्ताकच्या मिनतवाऱ्या करून त्याला शारजाला आणलं होतं, आपल्याच खोलीत त्याची खाट लावली होती. जेवणात मटण असलं की चांगला तुकडा आधी त्याच्या ताटात पडायचा.

या गाडीसाठी नागेशने काही म्हणता काही बाकी ठेवलं नव्हतं. कार्बोरेटरमधली वाळू धुतली, प्लग बदलले, पेट्रोल नवं भरलं. राहिली होती ठिणगीची वेळ. ठिणगी अवेळी पडली की पेट्रोल नको तिथे पेटतं आणि बार निघतो, हे त्याला ठाऊक होतं. पण ठिणगी देणारा मॅग्नेट धनंजयने खोलून पाहिला होता. 'एकदम ओके हाय दाजी,' असं तो म्हणाला होता. धनाने पाहिलं म्हणजे आपणच पाहिलं, असं नागेशने धरलं होतं.

केबिनमधून मुश्ताक आला आणि गाडीकडे बघतच बोलला.

"नागेशभाई, अरबाब का फोन था. बोला, कल तक नहीं हुई तो दूसरा मेकॅनिक लाओ, इसको कॅन्सल करो. मेरे हाथ में कुछ नहीं है."

कॅन्सल म्हणजे व्हिसा रद्द. सामान बांधायचं आणि घर गाठायचं.

धनंजय चहा आणायला गेला तेव्हा नागेशने पुलर लावून मॅग्नेट बाहेर ओढला. मॅग्नेट शाफ्टवर सरकू नये म्हणून मध्ये नखाएवढी अर्धगोल चावी बसवलेली असते. ती कधी तुटते, पण तुटली तरी तिचा तुकडा खाचेत अडकून राहतो. इथली खाच पुसून घेतल्यासारखी स्वच्छ होती.

तो बराच वेळ त्या रिकाम्या खाचेवरून अंगठा फिरवत राहिला.

धनंजय चहाचे ग्लास घेऊन आला. उघडा मॅग्नेट पाहून दारातच थांबला. नागेशने हात पुढे केला.

"दे."

"काय, दाजी?"

हात तसाच राहिला. धनंजयने ग्लास खाली ठेवले, बॉयलर सूटच्या खिशातून चावी काढली आणि नागेशच्या तळव्यावर ठेवली.

"माझी जागा हवी होती, तर मागायचीस."

"जागा नको मला!" धनंजयचा आवाज फाटला. "अक्कानं सांगितलं. म्हणली, नोकरी हाय तवर ह्यांचे पाय घराकडं वळायचे न्हाईत. तुमचं बाळ गेलं तवा बी तुमी सीझन हाय म्हणून आला न्हाईसा. तवापास्नं एकच म्हणती, कायतरी कर धना, मालकानंच त्यांस्नी काढून टाकू दे."

नागेश खाली बसला. चावी त्याच्या मुठीत होती.

"शुक्रवारी फोनवर माझ्याशी बोलली ती," तो हळू म्हणाला. "गाडी सुरू झाली का, म्हणून विचारलं. नाही म्हटलं तर म्हणाली, जिवाला लावून घेऊ नका. तेव्हा तिला माहीत होतं?"

धनंजयने होकाराची मान हलवली.

नागेश उठला. चावी खाचेत ठोकली, मॅग्नेट चढवला, नट आवळला. दोरी एकदाच खेचली. इंजिन एका सुरात चालू लागलं.

मुश्ताक धावत बाहेर आला. "वल्ला! क्या था?"

"रेत थी. कार्बोरेटर में."

"अरबाब खुश हो जाएगा. इस ईद पर छुट्टी तेरी, नागेशभाई. घर जा, बीवी से मिल."

"मेरी नहीं," नागेश म्हणाला. "इसको भेज दो."

"दाजी, असं करू नगासा," धनंजय कळवळून म्हणाला. "अक्का वाट बघती तुमची. तिला काय सांगू मी?"

"सांग, गाडी सुरू झाली."

अरबाचा पिकअप दाराशी येऊन लागला. मागचं फळकुट पाडून ड्रायव्हर हॉर्न देऊ लागला. गाडी वर चढवायला दोन माणसं लागत. नागेशने पुढची बाजू धरली. धनंजय डोळे पुसून मागच्या बाजूला आला, वाकला, त्याने हात लावला.

नागेशने आपले हात काढून घेतले आणि मुश्ताक येऊन धनंजयच्या जागी मागची बाजू धरेपर्यंत तो तसाच उभा राहिला.