भाताच्या शेताला दोन इंचांची सूट

माझे भाऊजी राणोजीराव आवडी नावाच्या गावातल्या लष्करी कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्टर होते. दुसऱ्याने घडवलेला भाग हातात घ्यायचा, मापायचा आणि केसभर जरी चुकला असला तरी परत पाठवायचा, हे त्यांचं काम. माणूस सज्जन, पण फार ताणणारा. रिटायर होताना त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं. ते तीन मिनिटं पुढे होतं म्हणून त्यांनी ते आभार मानून परत केलं.

अशा माणसाशी संसार केला तो माझ्या थोरल्या बहिणीने, हेमावतीअक्काने. तिने जन्मात हट्ट असा एकच धरला. तंजावूरकडची आमची जमीन वडिलांच्या हयातीतच गेली होती. मरण्याआधी एकदा तरी पोंगलचं, म्हणजे तिकडच्या संक्रांतीचं, मडकं स्वतःच्या शेतातल्या तांदळाने उकळावं, एवढंच तिला हवं होतं. भाऊजींनी गुम्मिडिपूंडीच्या पुढे, एरीच्या खालच्या अंगाला दीड एकर घेतलं. एरी म्हणजे तिथलं मोठं गावतळं. अक्काचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते, तरी ती आवडीहून गाड्या बदलत बदलत लावणीला गेली आणि चिखलात उभी राहून आली.

भात पोटरीला आलं आणि ऐप्पसीच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या, पावसात एरीचा बांध फुटला. पाणी सगळ्यांच्याच शेतांतून गेलं. आमच्या शेतात जाता जाता त्याने एका कोपऱ्यात मोठा खड्डा पाडला आणि उरलेल्या जमिनीवर वाळू पसरली. पीक कुठे गेलं ते कळलंही नाही.

शेजारचा रामस्वामी आणि इतर शेतकऱ्यांनी चार शिव्या घातल्या आणि कामाला लागले. वाळू ओढून बाजूला केली, एरीच्या तळातला गाळ बैलगाड्यांनी आणून खड्डे बुजवले, नांगर फिरवला. रामस्वामी भाऊजींना म्हणाला, सार, तुमचाही खड्डा याच गाड्यांनी बुजवून टाकतो. भाऊजींनी विचारलं, परवानगी घेतली का?

आता, नियम होते. गाळ काढायला होता, वाळू हलवायला होता, आणि पाणी साचलेली जागा बुजवायला तर नुकताच एक कोरा करकरीत आला होता. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण नियमाला घरी जाऊन बोलावून आणायचं असतं, हे फक्त भाऊजींना ठाऊक होतं. त्यासाठी शहरात अड्यारला जलाशय सांभाळणारी एक सरकारी कचेरी निघाली होती. भाऊजी तिथे गेले.

बरं, गेले ते साधा अर्ज घेऊन नाही. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने त्यांनी खड्ड्याचं ड्रॉइंग काढलं होतं. वरून दिसतो तसा, बाजूने दिसतो तसा आणि मधोमध कापला तर दिसेल तसा. खाली कारखान्यातल्या सवयीने टीपही लिहिली: भरावानंतर जमीन पूर्वीच्या पातळीला येईल, फरक जास्तीत जास्त दोन इंच. भाताच्या शेताला टॉलरन्स देणारा हा पृथ्वीवरचा पहिला मनुष्य असावा. मी तेव्हाच म्हटलं, भाऊजी, ही ओळ खोडा. ते म्हणाले, माप दिलं तर फरकही द्यावा लागतो.

कचेरीतले साहेब निघाले सांगलीचे. विद्याधर त्यांचं नाव. अक्काला वाटलं, आपला माणूस भेटला, आता काम झालंच. तिने डबाभर पुरणपोळ्या पाठवल्या. साहेबांना पोळ्या आवडल्या, पण त्याहून आमची तंजावुरी मराठी आवडली. तुम्ही बोलता ते थेट जुन्या बखरीसारखं वाटतं, म्हणाले, आणि पुढच्या खेपेला आम्हाला घरी बोलावून बायकोसमोर बोलायला लावलं. आम्ही बोललो. ती दोघं कौतुकाने ऐकत राहिली. फाइल होती तिथेच राहिली.

ड्रॉइंगवर तर साहेब बेहद्द खूश होते. इतकी नेटकी आकृती कचेरीत कधी आली नव्हती. त्यांनी ती वरच्यांना दाखवली, वरच्यांनी आणखी वरच्यांना, आणि कौतुकाच्या भरात आमच्या खड्ड्याची नोंद जलाशय म्हणून झाली. बाकीच्यांच्या खड्ड्यांची ड्रॉइंगं नव्हती, त्यामुळे सरकारच्या लेखी बाकीच्यांकडे खड्डेच नव्हते. निर्णय होईपर्यंत जागा आहे तशी ठेवावी, असा हुकूम आला. भाऊजींनी तो इतका पाळला की वाळूत उगवलेलं गवतही उपटू देईनात.

पोंगल आला. अक्काने दुकानातला तांदूळ मडक्यात घातला.

मग पाहणीला मंडळी आली. खड्ड्यात बगळे होते, चार-दोन करकोचेही होते. मंडळी हरखली. पक्ष्यांचा अभ्यास करायचं ठरलं. बांधापलीकडे रामस्वामीचं भात वाऱ्यावर डोलत होतं, आणि त्याच्याकडे पाठ करून सगळे दुर्बिणीतून आमचा खड्डा बघत होते. मला असा संताप आला की मी चहासुद्धा विचारला नाही. अक्काने विचारला. तिला अजून आशा होती.

दुसरा पोंगलही दुकानातल्या तांदळावर झाला. अक्काला आता जिना चढवेना. ती बोलून दाखवत नसे, पण बियाणं बदलून ताजं ठेवत असे.

अखेर भर उन्हाळ्यात आणखी एक पाहणी झाली. तेव्हा खड्डा ठणठणीत कोरडा होता आणि बगळे कधीच रामस्वामीच्या शेतात राहायला गेले होते. अहवाल झाला की इथे जलाशय नाही, सबब बुजवायला परवानगीची गरज नाही. पण अर्ज आलेला असल्याने परवानगी देणं भाग होतं. ती मिळाली. सोबत अटी होत्या, आणि त्यांतली मुख्य अट साहेबांनी भाऊजींच्याच ड्रॉइंगवरून उतरवून घेतली होती. पातळीतला फरक दोन इंचांच्या आत असावा, आणि लावणीपूर्वी अर्जदाराने तसं सही करून कळवावं.

रामस्वामीच्या गाड्या आल्या. अक्का छत्री धरून बांधावर बसली आणि खड्डा भरताना पाहत राहिली. इतकी हसरी मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. रोपं तयार झाली, चिखलणी झाली, दुसऱ्या दिवशीसाठी लावणीच्या बायका ठरल्या. विद्याधर साहेब स्वतः आले. बांधावरूनच त्यांनी नजर टाकली, उत्तम म्हणाले आणि सहीसाठी कागद पुढे केला.

भाऊजींनी पिशवीतून पातळी मोजायची पाण्याची नळी आणि पट्टी काढली. धोतर खोचून ते चिखलात उतरले. आम्ही सगळे उभे. कोपऱ्याकोपऱ्याने मापत ते बराच वेळ फिरले आणि परत येऊन म्हणाले की पूर्वेचा कोपरा चार इंच वर आहे. माल नापास.

साहेबांनी समजावलं, राणोजीराव, हे शेत आहे, तोफ नाही. रामस्वामी म्हणाला, एका पावसात बसेल. मी काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता उकरायचं तर चिखल सुकवावा लागणार, रोपं पिवळी पडणार आणि हाही हंगाम हातचा जाणार, हे भाऊजींना कळत नव्हतं असं नाही. पण आकडा समोर होता, आणि समोरच्या आकड्याकडे त्यांनी जन्मात कधी डोळेझाक केली नव्हती.

अक्का हाताचा आधार घेत उठली आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तुम्हांस लिहवत नसेल तर लिहूं नका," ती म्हणाली. "परंतु पुढल्या वर्षीं मज या बांधावर यायाला होणार नाहीं. एवढें माप तेवढें घेऊन ठेवा."

भाऊजींनी तिच्या पायांकडे पाहिलं. मग कागद घेतला, फरक दोन इंचांच्या आत असं लिहिलं आणि सही केली. त्या सहीखाली त्यांनी रेघ मारली नाही. एरवी ते हमखास मारत.

लावणी झाली. पाऊस वेळेवर आला आणि चांगला आला. पूर्वेच्या कोपऱ्यातलं भात बाकीच्यापेक्षा जरा बुटकं राहिलं, एवढंच. अड्यारहून कळलं की भाऊजींचं सही केलेलं पत्र कचेरीत नमुना म्हणून दाखवतात. नागरिक असावा तर असा.

पोंगलला अक्काने आवडीच्या घराच्या दारात मडकं मांडलं. दूध उतू गेलं, शुभ शकुन झाला म्हणून रीतीप्रमाणे आम्ही ओरडलो, शेजारच्या बायका जमल्या. पानं मांडली आणि अक्काने पहिला डाव भाऊजींना वाढला. ते बसून राहिले. भाताला हात लावीनात. मी म्हटलं, भाऊजी, घ्या, निवतोय. भूक नाही म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही, तेव्हाही नीट आलं नाही.

माझ्या ओठांवर तिखट शब्द आलेच होते. पण त्यांचं तोंड पाहिलं आणि पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला नाही. वाईट वाटलं. अक्काला सगळं उमगलं होतं. ती आत गेली, रेशनच्या तांदळाचा वेगळा शिजवलेला भात घेऊन आली आणि त्यांच्या पानावर वाढला. म्हणजे तिने तो सकाळीच करून ठेवला होता.

"हा जेवा," ती म्हणाली. "सही केलांत, तितकेंच मज पुरे."

भाऊजी खाली मान घालून जेवू लागले. अक्का माझ्या शेजारी भिंतीला टेकून, पाय पसरून बसली आणि आपल्या शेतातला भात दोनदा मागून घेऊन पोटभर जेवली.