नवव्या मजल्यापर्यंतचं बोलणं

माझ्या नातवाला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. थोरली बहीण, आमची आक्का, नवव्या मजल्यावर अंथरुणाला खिळली होती. मला जिना चढवत नव्हता आणि लिफ्टचं दार मिटलं की जीव घाबराघुबरा व्हायचा. सहा महिने नुसते फोन. पण मला जे सांगायचं होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

सुनेने मला संमोहन करणाऱ्या डॉक्टरकडे नेलं. पोरगेलासा, गळ्यात टाय. त्याने मला खुर्चीत रेलवलं, फाइल उघडली आणि मधात बुडवलेल्या आवाजात वाचू लागला, "डोळे मिटा. आता तुम्ही एका सुंदर लिफ्टमध्ये पाऊल टाकत आहात..."

मी ताडकन उठून बसले. "अरे बाबा, विहिरीला भ्यालेल्या माणसाला विहिरीतच ढकलतोस होय?"

तो लालबुंद झाला. पान उलटलं. "पुढच्यात दगडी जिना आहे, आजी."

"आणि माझे गुडघे?"

"तिसऱ्यात तुम्ही समुद्रावर तरंगता."

"मला पोहता येत नाही."

कोपऱ्यात बसलेली सून फिसकन हसली. मग तोही हसला आणि फाइल मिटून खाली ठेवली. "बरं, तुम्हीच बोला. आक्कांना एवढं काय सांगायचंय?"

मी सांगू लागले. लहानपणी मी बाबांच्या चष्म्यावर बसले आणि मार खाल्ला आक्काने. नवा चष्मा येईपर्यंत बाबा शेजाऱ्याला मेहुणा समजून दटावत होते. डॉक्टर मध्येच हळू विचारी, "उजेड कुठून येत होता? आक्का कुठे उभ्या होत्या?" सांगता सांगता माझे हात हलके झाले, डोळे आपसूक मिटले. तास कधी सरला कळलं नाही.

"हेच का संमोहन?"

"असावं," तो डोकं खाजवत म्हणाला. "माझ्या फाइलीत नाही हे."

दुसऱ्या दिवशी तो आक्काच्या इमारतीखाली हजर. हात रिकामे. "आजी, शेजारी मग काय म्हणाला?"

मी बोलत बोलत लिफ्टमध्ये शिरले. दार मिटलं, छातीत धडधडलं.

"सांगा ना, काय म्हणाला?"

"म्हणाला, आधी बहीण द्या, मग दटावा!"

आम्ही इतके हसलो की नववा मजला आला, दार उघडलं, मिटलं आणि आम्ही पुन्हा तळाला!

दुसऱ्या खेपेला उतरले. आक्काचा हात धरला. "चष्म्यावर मी बसले होते गं."

"ठाऊक आहे. तुझ्या झग्यावरची काच मीच झटकली."

"मग सत्तर वर्षं बोलली का नाहीस?"

"तू किती दिवस दम काढतेस ते बघत होते, चोरटे!"

आम्ही दोघी खोकला येईपर्यंत हसलो. डॉक्टर दारात डोळे पुसत उभा. पुढे तो प्रत्येकाला आधी बोलतं करायचा, म्हणे.

मी दर मंगळवारी लिफ्टने वर जात राहिले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या सोळा तारखेला, दुपारी, आक्का गेली.