विहीणबाईंचा रेडिएटर

"आई!" अशी मुलाची हाक आली, तशा रेडिएटरबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि ओले हात पुसत त्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"तू नाही गं, त्या आई," मुलगा मानही वर न करता म्हणाला.

त्या आई म्हणजे त्याची सासू. आठ दिवसांसाठी लेकीकडे आलेल्या विहीणबाई मागून आल्या, बाईंच्या बाजूने वाट काढून आत शिरल्या आणि जावयाशेजारी मांडी घालून बसल्या. जणू ती सतरंजी त्यांच्याच नावावर होती. सासूला आईच म्हणायचं, हे मुलाला लग्नात बजावलं होतं कोणी? बाईंनीच. आता चरफडून सांगायचं कोणाला?

प्रकरण कॉम्प्युटरचं होतं. मुलगा घरी बसून न बांधलेल्या इमारतींची चित्रं करायचा. जिने, खिडक्या, पडणारं ऊन, सगळं हुबेहूब. पण ते करताना मशीन असं तापायचं की पंखे कोकलायला लागायचे आणि मधेच सगळं ठप्प. दोनदा हाताशी आलेलं काम गेलं. शेवटी मशीन पाण्याने थंड करायचं ठरलं. कंपनीचा तयार संच खिशाला झेपेना, म्हणून सुटे भाग जमवायचे. कागदावर त्याने आकृती काढली होती. पंप पाणी ढकलणार, पाणी नळीतून प्रोसेसरवरच्या तांब्याच्या ठोकळ्यात शिरणार, तिथली धग घेऊन रेडिएटरात जाणार, तिथे निवून परत टाकीत येणार.

विहीणबाईंचं शोभेच्या माशांचं दुकान. तेव्हा पंप त्यांचा, नळ्या त्यांच्या, टाकीही त्यांचीच. इथपर्यंत बाईंनी दातावर दात धरले. पण रेडिएटर?

एकतीस वर्षं बाईंनी ट्रकांचे, गाड्यांचे गळके रेडिएटर झाळून बुजवले होते; म्हणून तर सगळे त्यांना रेडिएटरबाई म्हणायचे. नवरा गेला तेव्हा भाऊबंद म्हणाले, वर्कशॉपला कुलूप घाला. त्यांनी कुलूप घातलं ते भाऊबंदांच्या तोंडाला. त्याच काळ्या हातांनी हा मुलगा वाढवला. आणि त्या मुलाला रेडिएटर हवा होता, तर आईला एका शब्दाने विचारावं? छे! विहीणबाईंनी कुठल्याशा भंगारवाल्याकडून मोटरसायकलचा जुना, चकचकीत रेडिएटर आणला आणि हा कौतुकाने वेडा झाला.

परवा भाग आले तेव्हाच बाईंनी लांबून बघितलं होतं. रेडिएटर अल्युमिनियमचा, ठोकळा तांब्याचा. त्यांच्या ओठांवर आलेलं वाक्य तिथेच थांबलं. हे दोन धातू एका पाण्यात नांदत नाहीत. अल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं, पांढरा गाळ धरतो, आणि एक दिवस बारीक भोकातून पाणी थेट मशीनच्या अंगावर. असे कितीतरी रेडिएटर त्यांच्या टेबलावर येऊन पडले होते.

गप्प बसलं तर? सहा महिने, फार तर वर्ष. मग विहीणबाईंचं नाक कापलं जाणार, आणि आपल्याला हे माहीत होतं हे कुणाला कळणारही नाही. बाईंना त्या विचाराने दोन दिवस शांत झोप लागली. मशीन मुलाच्या पोटापाण्याचं आहे हे मनात यायचं, पण त्या कूस बदलायच्या.

आता खोलीत विहीणबाई सांगत होत्या, "रेडिएटरची तोंडं वर करून धरा जावईबापू, नाहीतर आत हवा अडकते."

"आई, तुम्हाला रेडिएटरमधलं किती कळतं हो!" मुलगा म्हणाला.

बस्स. दारात उभ्या बाईंच्या मस्तकात तिडीक गेली.

"कळतं? डोंबल कळतं! तांब्याच्या पंगतीला अल्युमिनियम बसवलंय त्यांनी! वर्षभरात चाळण होईल त्याची, आणि तुझ्या सगळ्या इमारती बुडतील पाण्यात!"

सून दाराशी आली होती. तिने हळूच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं हे?"

"परवाच. एका नजरेत," बाई तोऱ्यात म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांना कळलं की आपण आपल्याच तोंडाने अडकलो.

"परवा?" मुलगा उठून उभा राहिला. "आणि आत्तापर्यंत गप्प बसलीस? माझं मशीन गेलं असतं, आई!"

"विचारलंस मला?" बाईंनी आवाज चढवला. "एकदा तरी विचारलंस?"

मुलगा सतरंजीवरचा रेडिएटर उलटून बघू लागला. बोलल्या त्या विहीणबाई. "चूक माझी आहे, ताई. घरात एवढं जाणतं माणूस असताना मी विचारायला हवं होतं."

बाईंना आणखीच झोंबलं. मोठेपणासुद्धा हिनेच घ्यायचा?

"गाडीच्या हीटरचा छोटा रेडिएटर आहे माझ्याकडे, अख्खा तांब्या-पितळेचा," त्या मुलाकडे बघून म्हणाल्या. "तपासून आणते."

"मी येते धरायला," विहीणबाई म्हणाल्या आणि चपला घालून पुढेही झाल्या.

वर्कशॉपमध्ये बाईंनी रेडिएटर धुतला, एका तोंडाला बूच मारलं, दुसऱ्याला हवेची नळी लावली आणि तो हौदात बुडवला. गळत असेल तर बुडबुडे येणार. दोघी वाकून बघत राहिल्या. बाईंना काही दिसेना.

"चांगला आहे. काढा वर."

"थांबा. तो बघा, डाव्या कोपऱ्यात."

मोहरीएवढा बुडबुडा सुटला. बऱ्याच वेळाने दुसरा.

"दिवसभर पाण्यातच बघत असते ना मी," विहीणबाई म्हणाल्या.

बाईंनी गॅस पेटवला, जागा घासून लख्ख केली आणि भोक झाळून टाकलं. हात जराही हलला नाही. तेवढं तरी विहीणबाईंनी नीट बघून घ्यावं म्हणून त्यांनी काम मुद्दाम सावकाश केलं. पुन्हा बुडवला. बुडबुडा नाही.

"घरी सांगताना," बाई हात पुसत म्हणाल्या, "भोक मी शोधलं."

"सांगा की."

"सांगणारच आहे," बाई फणकारल्या, आणि रेडिएटर विहीणबाईंना उचलू न देता त्यांनी स्वतःच काखोटीला मारला.